मेटार छान होता, मग उड्डाण रद्द का?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका उड्डाण शाळेत शिकतो. सत्तर तास पूर्ण झाले आहेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगर ते कोल्हापूर आणि परत अशी माझी सोलो क्रॉस-कंट्री (एकट्याने करायचं लांब पल्ल्याचं उड्डाण) ठरली होती. सकाळी नऊचे दोन्हीकडचे मेटार (विमानतळांचे हवामान अहवाल) पाहिले, दोन्ही चांगले होते. कोल्हापूरला तर शेवटी 'नोसिग' होतं. तरी इन्स्ट्रक्टरनी नकाशांवर नजर टाकली आणि दोन मिनिटांत उड्डाण रद्द केलं. 'घरी जाऊन कागद नीट वाच' एवढंच म्हणाले. परीक्षेत हवामानाचा पेपर मी चांगल्या गुणांनी सोडवलाय. मग माझं चुकलं काय? कोणता कागद आधी वाचायचा? आणि मोबाइलवरचं वाऱ्याचं ॲप चालतं का?
— हवेत लटकलेला

उत्तर : तुमचं वाचन चुकलेलं नाही, वाचनाचा क्रम चुकला. मेटार तुम्ही सर्वांत आधी उघडला आणि त्यावरच थांबलात. तो सर्वांत शेवटी उघडायचा कागद आहे. मेटार म्हणजे एका विमानतळाचा, एका ठरावीक क्षणाचा फोटो, आणि तुमच्या हाती येईपर्यंत तो क्षण सरलेला असतो. तुम्ही उडणार दोनशे सागरी मैल, दोन तासांहून जास्त वेळ, आणि त्यातला बहुतेक वेळ अशा जमिनीवरून जिथे फोटो काढणारं कोणी नाही.

तुम्ही पत्रात उतरवून पाठवलेला कोल्हापूरचा अहवालच घेऊ. देवनागरीत लिहिला तर तो असा : मेटार व्हीएकेपी २६०३३०झेड २६०१२केटी ६००० एससीटी०१५ बीकेएन०८० २६/२३ क्यू१००७ नोसिग. म्हणजे कोल्हापूर, तारीख आणि वेळ, वारा २६० अंशांकडून १२ नॉट, दृश्यमानता ६००० मीटर, ढगांचे दोन थर, तापमान २६ आणि दवबिंदू २३, दाब १००७.

आधी घड्याळ. ०३३०झेड म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) साडेतीन. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे भारतीय वेळ सकाळी नऊ. हे तुम्हाला येतं, पण घाईत चुकतं. विशेषतः पहाटेच्या उड्डाणाला. २६ तारखेला पहाटे पाचचा अहवाल २५२३३० असा छापून येतो आणि विद्यार्थी 'कालचा आहे' म्हणून बाजूला सारतो. नेव्हिगेशन लॉगवर दोन स्तंभ आखा, यूटीसी आणि भारतीय, आणि प्रत्येक टप्प्याची वेळ दोन्हींत लिहा.

आता नोसिग. त्याचा अर्थ 'पुढच्या दोन तासांत लक्षणीय बदल अपेक्षित नाही'. नऊच्या अहवालातला नोसिग अकराला संपतो. तुम्ही दहाला निघणार होतात, म्हणजे कोल्हापूरला पोचायला सव्वाबारा-साडेबारा. ज्या शब्दावर तुम्ही विसंबलात, त्याची मुदत तुम्ही भिगवणच्या आसपास असतानाच संपत होती.

यापेक्षा मोठी गोष्ट एससीटी०१५ मध्ये आहे. आकाशाचे आठ भाग कल्पून तीन ते चार भाग ढगांनी व्यापलेले, तळ १५०० फुटांवर. पण १५०० फूट कुठून? धावपट्टीपासून. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे, म्हणजे तुमच्या अल्टीमीटरच्या भाषेत ढगाचा तळ ३५०० फूट. आता नकाशावर संभाजीनगर ते कोल्हापूर सरळ रेघ ओढा. ती माणदेशातून, शिखर शिंगणापूरच्या जवळून जाते. माणदेशाची जमीन स्वतःच दोन हजार फुटांच्या घरात, आणि शंभू महादेवाच्या रांगेतले माथे तीन हजारांच्याही वर. ढगाच्या तळापासून १००० फूट खाली राहायचं म्हटलं तर तुमची उंची २५०० फूट, म्हणजे जमिनीपासून जेमतेम पाचशे फूट, आणि पुढ्यातला डोंगर तुमच्याहून उंच. शिवाय वारा पश्चिमेचा, दमट. डोंगराला अडून तो वर चढला की थंड होतो, आणि विमानतळावर 'विखुरलेला' असलेला ढग डोंगरावर सलग होतो, आणि त्याचा तळही खाली येतो. कोल्हापूरच्या धावपट्टीवरून दिसणारं आकाश खरंच बरं असेल. शिंगणापूरला त्याच वेळी देवळाच्या कळसावर धुकं बसलेलं असू शकतं.

कोकणातून देशावर येणाऱ्यांना हा हिशोब आणखी महाग पडतो. जुहूला ढगाचा तळ १५०० फूट म्हणजे समुद्रसपाटीपासूनही जवळपास १५००च. लोणावळा-खंडाळा आहे २००० फुटांवर. जुहूच्या अहवालातला 'बरा' ढग बोरघाटात जमिनीवर असतो. म्हणून एक सवय लावून घ्या. मार्गावरच्या प्रत्येक मेटारमधल्या ढगाच्या उंचीत त्या विमानतळाची उंची मिळवा, तो आकडा लॉगवर लिहा, आणि शेजारी त्या टप्प्यातल्या सर्वांत उंच माथ्याची उंची लिहा. दोन आकड्यांत दोन हजार फुटांचं अंतर नसेल तर नजरेच्या उड्डाणाचा तो मार्ग नाही.

२६/२३ कडेही बघा. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले ४०० केला की कुंभमेघी ढगाच्या तळाचा ढोबळ अंदाज फुटांत मिळतो. इथे ३ गुणिले ४००, बाराशे फूट. निरीक्षकाने पंधराशे लिहिलंय. म्हणजे दोन्ही गोष्टी एकच सांगताहेत, आणि तापमान एक अंशाने उतरलं, सर आली, की तळ आणखी खाली. हा फरक २ किंवा कमी असेल तर पावसाळ्यात खालचा ढग आणि हिवाळ्यात सकाळचं धुकं गृहीत धरूनच चाला.

तर मग क्रम कसा? दुरून जवळ. गावाबाहेरचा डोंगर आधी, अंगण शेवटी.

आदल्या रात्री हवामान खात्याचं अखिल भारतीय बुलेटिन वाचा. पावसाळ्यात तीनच गोष्टी शोधायच्या : दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा आहे का, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकतंय का, आणि मॉन्सूनची आस (उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा) नेहमीच्या जागी आहे की हिमालयाच्या पायथ्याशी. किनारी पट्टा जोरात असेल तर घाट आणि त्याच्या पूर्वेचा तीस-चाळीस किलोमीटरचा पट्टा तुमच्यासाठी बंद, एवढं रात्रीच कळतं. उपसागरातलं क्षेत्र विदर्भाच्या दिशेने येत असेल तर गोंदिया-नागपूरकडच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी अभ्यास करावा. आस हिमालयाकडे गेली असेल तर महाराष्ट्रात पावसाची उघडीप, आणि तुमची क्रॉस-कंट्री बहुधा त्याच दिवसांत होईल.

मग वरच्या वाऱ्यांचा नकाशा. हे नकाशे एका ठरावीक क्षणासाठी असतात : ००, ०६, १२ किंवा १८ यूटीसी. तुमच्या उड्डाणाला ०६चा, म्हणजे भारतीय साडेअकराचा नकाशा. उंची निवडा ८५० हेक्टोपास्कल, म्हणजे साधारण ५००० फूट. ३०० किंवा २५०चा नकाशा जेटवाल्यांचा. बाणाचं शेपूट जिथून वारा येतो तिकडे असतं; अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण रेघ १०, भरीव त्रिकोण ५०. ऐन पावसाळ्यात या पातळीवर पश्चिमेचा ३० नॉट वारा ही नवलाची गोष्ट नाही.

तुमच्या मार्गावर त्याचा परिणाम मांडून बघा. जायची दिशा सुमारे १९८ अंश, खरा हवाई वेग १०० नॉट, वारा २७०/३०, म्हणजे २७० अंशांकडून ३० नॉट. विमानाचं नाक सुमारे १७ अंश उजवीकडे वळवावं लागेल आणि जमिनीवरचा वेग उरेल ८६-८७ नॉट. दोनशे मैलांना दोन तास वीस मिनिटं. परतताना १०५ नॉट, एक तास पंचावन्न मिनिटं. दुरुस्ती न करता १९८ धरून बसलात तर तासाभरात २८ मैल पूर्वेला सरकाल. असायला हवं भिगवणच्या आसपास, तर तुम्ही करमाळ्याच्याही पूर्वेला. त्यात गंमत अशी की उजनीचा फुगवटा वाटेत दोन्हीकडे दिसू शकतो, त्यामुळे 'पाणी दिसलं, म्हणजे बरोबर आहे' असं वाटून चूक पक्की होते. इतक्या वाऱ्यात नुसतं पाणी नाही, काठाचा आकार ओळखावा लागतो. रेल्वेपूल, हायवे, धरणाची भिंत.

जाता जाता एक. मेटार, टाफ (विमानतळाचा हवामान अंदाज) आणि नकाशे यांतली वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून असते, टॉवर बोलून सांगतो ती चुंबकीय. परीक्षेत हे विचारतात म्हणून घोकलं जातं. महाराष्ट्रात चुंबकीय फरक इतका थोडा आहे की प्रत्यक्षात काही बिघडत नाही. पुढे परदेशात परवाना घ्यायला गेलात तर बिघडेल.

लक्षणीय हवामानाच्या नकाशाबद्दल विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की त्यावर काही नाही म्हणजे आकाशात काही नाही. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या जागतिक केंद्रांतून येणारा उंच पातळीचा नकाशा फ्लाइट लेव्हल २५०च्या, म्हणजे सुमारे २५,००० फुटांच्या वरचा असतो. तुम्ही पाच हजारांच्या आसपास उडणार. त्यावर जेटप्रवाह आणि ट्रोपोपॉज बघून तुमच्या हाती काही लागत नाही. उपयोगाची एकच गोष्ट : नक्षीदार कडांच्या रेघेत बंदिस्त केलेला सीबी, म्हणजे गडगडाटी ढगांचा प्रदेश. त्यातला 'आयसोल' म्हणजे त्या प्रदेशाच्या निम्म्याहून कमी भागात, 'ओकनल' निम्मा ते पाऊण, 'फ्रिक' पाऊण भागाहून जास्त. 'एम्बडी' म्हणजे इतर ढगांच्या थरात दडलेले, डोळ्यांना न दिसणारे. शिखर आणि तळ शेजारी लिहितात, आणि तळाच्या जागी तीन फुल्या असतील तर तळ नकाशाच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. एकटेदुकटे, उघड्यावर दिसणारे सीबी या नकाशावर दाखवतच नाहीत. मे महिन्यात बीडवर उभा राहणारा एकटा सीबी तिथे सापडायचा नाही, पण तुमच्या विमानाला तो एक पुरे.

सिग्मेटचंही (धोकादायक हवामानाचा इशारा) तसंच. मुंबईच्या हवामान निगराणी कार्यालयाकडून येणारा सिग्मेट चार तासांपर्यंत वैध असतो (चक्रीवादळ आणि ज्वालामुखीच्या राखेसाठी सहा). तो दडलेल्या, झाकोळलेल्या, रांगेतल्या किंवा दाट गडगडाटासाठी निघतो, एकट्या ढगासाठी नाही. सिग्मेट असेल तर त्यातले अक्षांश-रेखांश कागदावर टिंबं देऊन जोडा, सरकण्याची दिशा आणि वेग बघा आणि तुमच्या वेळेला तो चौकोन कुठे असेल ते पेन्सिलीने काढा. सिग्मेट नसेल तर फक्त एवढंच कळतं की मोठा प्रकार नाही.

आता टाफ, आणि बहुधा इथेच तुमच्या इन्स्ट्रक्टरांनी निर्णय घेतला असावा. टाफ हा विमानतळाचा अंदाज आहे, मार्गाचा नाही. आपल्याकडे नऊ तासांचे आणि मोठ्या विमानतळांचे तीस तासांचे टाफ निघतात. समजा मार्गाजवळच्या एखाद्या टाफमध्ये 'टेम्पो २६०६/२६०९ २००० एसएचआरए बीकेएन०१०' असं होतं, म्हणजे अधूनमधून सरी, दृश्यमानता २००० मीटर, ढगाचा तळ १००० फूट. ०६ ते ०९ यूटीसी म्हणजे साडेअकरा ते अडीच. तुमचं आगमन सव्वाबाराला, परतीचं उड्डाण दीडच्या आत, दोन्ही बरोबर त्याच खिडकीत.

टेम्पोला विद्यार्थी 'तात्पुरतं' म्हणून सोडून देतात. व्याख्या अशी आहे की प्रत्येक वेळची बिघाडी तासाभराहून कमी, आणि सगळ्या मिळून त्या कालावधीच्या निम्म्याहून कमी. तीन तासांच्या टेम्पोत जवळजवळ दीड तास दृश्यमानता २००० मीटर असली तरी अंदाज बरोबरच ठरतो. नजरेच्या उड्डाणाला तुम्हाला ५ किलोमीटर लागतात, आणि नियंत्रण क्षेत्रात छतही, म्हणजे आठपैकी निम्म्याहून जास्त आकाश झाकणाऱ्या सर्वांत खालच्या थराचा तळ, किमान १५०० फुटांवर. तुमच्यासाठी टेम्पो म्हणजे 'असेल'च. 'बेकमिंग'साठी, म्हणजे दिलेल्या काळात होऊन टिकणाऱ्या बदलासाठी, नियम सोपा ठेवा : हवा बिघडणार असेल तर दिलेल्या काळाच्या सुरुवातीलाच बिघडली असं धरा, सुधारणार असेल तर काळ संपल्यावरच सुधारली असं धरा. 'प्रॉब३०' आणि 'प्रॉब४०' (तीस आणि चाळीस टक्के शक्यता) हे एअरलाइनच्या इंधनाच्या हिशोबात तोलले जातात; सत्तर तासांच्या सोलो विद्यार्थ्याने प्रॉब४० गडगडाट वाचला की विमान हँगरमध्ये ढकलायला हात लावावा.

यानंतर उपग्रह आणि रडार. इन्सॅटच्या इन्फ्रारेड चित्रात ढगाचा माथा जितका थंड तितका तो उंच. एकच चित्र बघू नका, तासाभराची चार-पाच चित्रं लागोपाठ बघा. वाढतोय की विरतोय हे तिथेच कळतं. रडारबाबत मराठवाड्यातल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं. मुंबई, नागपूर, गोवा ही रडारं तुमच्यापासून लांब आहेत. पृथ्वीच्या वक्रतेमुळे अर्ध्या अंशाच्या झोतालाही दोनशे किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटरची उंची आलेली असते. त्याला वरचा गडगडाटी ढग दिसतो, पण खालच्या ढगांतून पडणारा पावसाळी झिमझिम पाऊस त्याच्या खालून निसटतो. चित्रावर रंग नाही म्हणजे पाऊस नाही, असं तिथे म्हणता येत नाही.

सर्वांत शेवटी मेटार. आणि तोही एक नाही, मागच्या तीन तासांचे सलग सहा. आपल्याकडे तो दर अर्ध्या तासाने येतो. तळ ०२५, ०२०, ०२०, ०१५ असा खाली येतोय का? दवबिंदू चढतोय का? वारा वळलाय का? शेवटचा मेटार छान असून मालिका वाईट, असं पुष्कळदा होतं.

क्यूएनएचबद्दल (अल्टीमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा दाब) थोडं, कारण हे पुस्तकात असतं पण मनात बसत नाही. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारला सर्वांत कमी असतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे स्वच्छ दिवशीही सकाळी लावलेला क्यूएनएच न बदलता दुपारी परतलात तर अल्टीमीटर खऱ्यापेक्षा सुमारे शंभर फूट जास्त दाखवेल. ढगाखाली चेपून उडणाऱ्या माणसाला हे शंभर फूट महत्त्वाचे.

उन्हाळ्याचे कागद वेगळ्या नजरेने वाचायचे. एप्रिल-मेमध्ये सकाळी बहुतेक मेटार 'एनएससी' दाखवतात. त्याचा अर्थ निरभ्र नाही. ५००० फुटांच्या खाली (किंवा त्या क्षेत्रातली किमान सुरक्षित उंची त्याहून जास्त असेल तर तिच्या खाली) ढग नाही आणि सीबी नाही, एवढाच. वळिवाची चाहूल दवबिंदूत लागते. काल सकाळी ९ होता, आज १९ आहे, म्हणजे समुद्रावरची ओल आत शिरलीय. दुपारी तीननंतर ढग उभे राहणार. ३९/१९ला तळ येतो ८००० फुटांवर. उंच तळ बघून निर्धास्त होऊ नका. इतक्या उंचावरून पडणारा पाऊस वाटेतच सुकतो, हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते आणि ढगापासून दहा-वीस मैलांवरही धुळीचा लोट उठवते. धावपट्टीवर पाऊस नाही, गडगडाट नाही, आणि वारा अचानक उलटतो. मेटारमध्ये 'व्हीसीटीएस' म्हणजे विमानतळाच्या आसपास गडगडाट, किंवा नुसता 'एफईडब्ल्यू०३०सीबी' (३००० फुटांवर थोडे गडगडाटी ढग) दिसला तरी तेवढं कारण पुरेसं. अशा ढगापासून वीस मैल दूर राहायचं, आणि त्याच्या खालून वाट दिसत असली तरी खालून जायचं नाही.

उन्हाळ्यात तापमानाचा आकडा आणखी एका कामाचा. संभाजीनगर १९०० फूट, क्यूएनएच १००४, तापमान ४०. दाब-उंची सुमारे २१७०. त्या उंचीचं प्रमाण तापमान १०.७, फरक २९.३, गुणिले १२०. घनता-उंची झाली ५७०० फूट. इंजिनाला वाटतं आपण महाबळेश्वरच्याही वर उभे आहोत. टेक-ऑफचं अंतर तक्त्यातून या आकड्याने काढा. शिवाय क्रॉस-कंट्री सकाळी साडेदहाच्या आत संपेल अशी आखा.

ॲपबद्दल विचारलंत. वारा, ढग रंगीत सरकताना दिसतात ते संगणकी प्रतिमानाचं उत्तर आहे, निरीक्षण नाही. युरोपीय प्रतिमान अचूक मानलं जातं, तरी त्याचा एक चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा. शंभू महादेवाची रांग किंवा एखादी खिंड त्यात सपाट होऊन जाते, आणि तुमचा प्रश्न नेमका त्या खिंडीचा आहे. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज घ्यायला, ८५० हेक्टोपास्कलची पातळी निवडून ॲप जरूर बघा. दोन वेगळी प्रतिमानं लावून बघा. दोघांचं जमत नसेल तर अंदाज कच्चा आहे हे कळतं. पण लॉगवर आकडा लिहायचा तो हवामान खात्याच्या ब्रीफिंगमधला, आणि निघण्याआधी ब्रीफिंग देणाऱ्या अधिकाऱ्याला फोन करून एकच प्रश्न विचारायचा : 'फलटण ते विटा या पट्ट्यात ढगाचा तळ किती धरू?' मेटारमध्ये हे उत्तर नसतं, त्यांच्याकडे बहुधा असतं.

पुढच्या वेळी लॉगच्या वरच्या कोपऱ्यात विमानात बसण्याआधी तीन आकडे लिहून ठेवा : या उंचीच्या खाली जाणार नाही, इतकी दृश्यमानता राहिली नाही तर वळणार, आणि या वेळेपर्यंत अमुक ठिकाण दिसलं नाही तर परत. तुमच्या मार्गावर पहिला टप्पा अहिल्यानगरच्या पूर्वेकडून जाण्याचा. तिथपर्यंत उजव्या हाताला, पश्चिमेला, डोंगरांचे माथे ढगात बुडालेले दिसले तर तिथूनच फिरायचं. त्या वेळी तुमच्या मागे संभाजीनगर अजून मोकळं असतं आणि टाकीत भरपूर इंधन असतं. आणि इन्स्ट्रक्टरांकडे जाल तेव्हा रद्द झालेल्या दिवसाचे सगळे कागद घेऊन जा. त्या दिवशी दुपारी बाराचा कोल्हापूरचा मेटार प्रत्यक्षात काय आला, तोही शोधून त्यांना जोडा.